एक जण जास्त

या, असे जरा जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं. आवाज मला मोठा करता येतो, पण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. भूगोलाच्या एका सरांची गोष्ट आहे. तिच्यात लढाई नाही, खून नाही, लग्नसुद्धा नाही; शाळेच्या एका वर्षाचं नियोजन आहे, आणि त्या नियोजनात एक चौकोन रिकामा आहे. तो भरला की नाही एवढं सांगितलं की मी तुम्हाला मोकळं करीन. देवाच्या दयेने तुमची सगळी माणसं सुखरूप घरी पोचलेली असोत. मग निवांत ऐका.

सुट्टी संपत आली होती आणि सर शिक्षण खात्याच्या इमारतीत नव्या वर्षाच्या नियोजनाचे कोरे तक्ते आणायला गेले होते. लिफ्टमध्ये माणसं दाटीवाटीने उभी राहिली, दार मिटायला लागलं, अर्ध्यावरून परत उघडलं, आणि छताच्या आत कुठेतरी एक घंटा किरकिरत राहिली. लिफ्टवाला स्टुलावरून न उठता म्हणाला, "एक जण जास्त आहे. उतरा कुणीतरी." कुणी हललं नाही. "शेवटी आला असेल त्याने उतरावं," एक बाई म्हणाल्या. "शेवटी तुमची पिशवी आली बाई," मागून आवाज आला आणि हशा पिकला. लिफ्टवाला मात्र एकच पालुपद धरून बसला: एक जण जास्त, एक जण जास्त. सर अगदी मधोमध उभे होते, उतरायची पाळी त्यांची नव्हती, पण तेच कोपरांनी वाट काढत बाहेर आले. घंटा थांबली. आतल्या लोकांनी त्यांच्याकडे, फार सभ्य माणूस दिसतो, अशा नजरेने पाहिलं आणि दार मिटलं. सर जिन्याकडे वळले. पहिल्याच वळणावर ते कठडा धरून थांबले. वरून खाली येणाऱ्या कुणी विचारलं, "चक्कर आली का?" सरांनी मान हलवली. चक्कर नव्हती. एक जण जास्त झाला की लिफ्ट ओरडते, त्यांच्या मनात आलं. बस ओरडत नाही. बस मुकाट्याने चालू लागते.

घरी जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरून ते बसले. डाव्या बाजूला महिने, वर घटक, मधे चौकोन; कुठल्या महिन्यात कुठला धडा, किती तासिका, कुठलं साहित्य, परीक्षा कधी. हे काम त्यांच्या हातातलं होतं. इतक्या वर्षांत वर्ष कसं बसवायचं हे त्यांच्या बोटांना पाठ झालं होतं: पोरं ताजी असतात तेव्हा वारे आणि दाब, कंटाळतात तेव्हा नकाशावाचन, परीक्षेच्या तोंडावर लोकसंख्या, कारण ती वाचून समजते. नववीच्या तक्त्यावर एकच धडा कुठे ठरत नव्हता. रेखांश आणि स्थानिक वेळ. तो त्यांनी पहिल्या सत्राच्या सुरुवातीला लिहिला, खोडला, सहामाहीच्या मागे ढकलला, तिथून दुसऱ्या सत्रात नेला, तिथेही त्याच्याकडे बघवेना म्हणून अगदी शेवटी सरावाच्या तासांत घुसवला, आणि मग 'स्वयंअध्ययन' असं लिहून कच्चा तक्ता मुख्याध्यापिका बाईंना फोनवरून पाठवला, आणि तेही पुन्हा खोडलं. कागद तिथे पातळ झाला. धड्याशेजारी दरवर्षी एक चौकोन असायचा, क्षेत्रभेटीचा. तो कोराच राहिला होता. बायको कांद्याची साल काढता काढता डोकावली. "हा धडा म्हणजे नांदायला जाऊन दर आठवड्याला माहेरी परत येणारी मुलगी झालाय," ती म्हणाली. "काय वाकडं आहे तुमचं त्याच्याशी?" सर हसले. हसताना त्यांना आपला जबडा जाणवला, एखाद्या पेटीचं झाकण उघडावं तसा. "आणि त्या पडद्यांचं बघा," बायको म्हणाली. "टाचणीच्या आईकडे टाका ना, कोपऱ्यावर तर आहे. मागच्या खेपेला उगाच बसने गेलात गावाच्या त्या टोकाला, शिंप्याकडे." सरांनी तक्त्यावरून डोळे वर केले नाहीत.

टाचणी म्हणजे वर्गातली एक मुलगी. बारीक, ताठ, आणि डोक्यावर केसांचा गोल बुचडा. पहिल्याच दिवशी कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की तीही त्याला ओ देऊ लागली. मागच्या वर्षी ती आठवीत होती. यंदा नववीत. म्हणजे रेखांशाचा धडा तिच्यासमोर उभं राहून शिकवायचा. फळ्यावर काठी काढायची, काठीची सावली काढायची, आणि म्हणायचं, मुलांनो, सूर्य सरकला की सावली सरकते, तीवरून आपल्याला कळतं की आपण कुठे आहोत. आणि पहिल्या बाकावरून टाचणी बघत असणार.

ती टेकडी सरांना डोळे मिटले तरी दिसे. वर सपाट माळ, एका बाजूला दगडांची जुनी खाण, खाली वळणावळणाचा रस्ता. मागच्या वर्षीची क्षेत्रभेट तिथे होती. त्यांनी मुलांचे गट पाडले होते. काही उताराचा आराखडा काढणार, काही खडक बघणार. माळाच्या पलीकडच्या टोकाला, झुडपांच्या आड, वारा कमी होता तिथे त्यांनी एक काठी रोवली आणि टाचणीला बसवलं. सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा, थोड्या वेळाने सावली हलली की नवा खडा. "आणि मी येईपर्यंत इथून हलायचं नाही," सर म्हणाले. "हललीस की सगळं फुकट." ती म्हणाली, "हो सर." एवढंच. मग गटांचं भांडण, कुणाचं तरी खरचटलेलं ढोपर, पाण्याच्या बाटल्या, ड्रायव्हरचा हॉर्न. बसमध्ये सरांनी नेहमीसारखी डोकी मोजली, पुढून मागे आणि मागून पुढे, आणि आकडा जुळला. हजेरीपटाशी अगदी चोख जुळला. त्यांना आठवत होतं की त्या क्षणी त्यांना समाधान वाटलं होतं; छातीत एक चौकोन भरल्यासारखं. सोबत आलेल्या विज्ञानाच्या मॅडमची भाची सुट्टीला आली होती आणि सकाळी गाडी सुटता सुटता चढली होती, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. एक जण जास्त होता म्हणून एक जण कमी असल्याचं कळलं नाही. गणिताच्या सरांना सांगितलं असतं तर त्यांनी टाळी दिली असती, इतकं सोपं होतं ते.

शाळेच्या फाटकाशी मुलं पांगली, मॅडम भाचीचा हात धरून गेल्या, आणि ड्रायव्हर बस झाडता झाडता म्हणाला, "सर, दप्तर राहिलंय कुणाचं तरी." सरांनी ते हातात घेतलं. नाव वाचायची गरज पडली नाही, कारण बाहेरच्या कप्प्यात चुरगळलेले रंगीत कापडाचे तुकडे होते, आईच्या दुकानातले, पेन पुसायला. त्यानंतरचा परतीचा रस्ता ते कधीही नीट आठवू शकले नाहीत. फक्त समोरच्या काचेवरचा एक डाग आठवतो. त्या डागाच्या आत रस्ता जात होता आणि बाहेर येत होता. सर देवाला हाक मारत होते का? मारत होते. पण नाव सुचत नव्हतं, नुसता आकडा सुचत होता, तो जुळलेला. टेकडीवर उजेड जाता जाता थोडा उरला होता. झुडपांच्या पलीकडे टाचणी काठीपाशी उकिडवी बसली होती, दोन्ही हात काखेत घालून. खड्यांची रांग काठीपासून लांब, लांब जाऊन गवतात शिरली होती. तिने मान वळवली आणि म्हणाली, "सर, सावली संपली. आता खूण कुठे करू?"

आणि सर काय म्हणाले ठाऊक आहे? तोंड उघडलं तेव्हा त्यांना रडू फुटेल असं वाटलं होतं. पण तोंडातून आलं, "शाब्बास." शिक्षकाच्या तोंडाला लागलेला शब्द, सवयीने बाहेर पडला. "शाब्बास, फार चिकाटीचं काम केलंस." तिचा चेहरा त्या उरल्यासुरल्या उजेडात एकदम उजळला, आणि मग सरांना दुसरं काही बोलताच आलं नाही. तिला वाटलं, हे असंच ठरलं होतं. तिच्यावर एकटीवर काम सोपवलं होतं, सगळे गेल्यावर. तिला तसं वाटू देणं किती सोपं होतं! घरी सोडताना आईला त्यांनी सांगितलं, "उशीर झाला, प्रयोग लांबला." ड्रायव्हर नंतर एकदा हळूच म्हणाला होता, "मी काही पाहिलं नाही हो सर." हे त्याने मायेने म्हटलं, पण तेव्हापासून त्याच्या बसमध्ये चढताना सरांचा पाय पायरीवर अडखळे.

कुणाला कळलं नाही. कुणी विचारलं नाही. मूल सापडलं होतं, धडधाकट होतं, साधं पडसंसुद्धा झालं नाही. मग हे काय होतं जे रोज सकाळी दात घासताना आरशात येऊन उभं राही? पोरगी बोलेल अशी भीती त्यांना पहिले काही दिवस वाटली. मग ती भीती गेली आणि तिच्या जागी जास्त वाईट भीती आली: पोरगी कधीच बोलणार नाही. ती आपल्यावर विश्वास ठेवून बसेल, जशी काठीपाशी बसली होती, आणि आपण येईपर्यंत हलणार नाही. वडिलांची आठवण अशा वेळी यायचीच. वडील गाऊन निरूपण करायचे. आवाज बेताचा, पण ऐकायला माणसं लांबून येत. लहान असताना सर त्यांच्या मागे झांज घेऊन बसत आणि त्यांना फार लाज वाटे, कारण वडील रंगात आलेलं पद मधेच थांबवायचे आणि विचारायचे, "त्या खांबाआड कोण बसलंय? पुढे या बाबा. तुम्ही आल्याशिवाय पुढचं कडवं नाही." लोक माना वळवून बघत. खांबाआडचा माणूस ओशाळून पुढे येई. आणि समोरची सगळी मंडळी बसलेली असतानाही कधी वडील म्हणत, "आज पाणक्या दिसत नाही. बरा आहे ना?" एवढ्या गर्दीत त्यांना कसं कळे? मोजायचे तर नाहीत. एकदा पोराने विचारलंही. वडील झांजेची दोरी नीट करत म्हणाले, "मोजलं तर किती आलेत ते कळतं रे. कोण आलं नाही, ते नाव घेतल्यावर कळतं." तेव्हा हे वाक्य कानावरून गेलं. आता ते टेबलावर, पातळ झालेल्या कागदाशेजारी येऊन बसलं होतं.

फोन वाजला. मुख्याध्यापिका बाई. "सर, कच्चा तक्ता मिळाला. छान आहे, नेहमीसारखा. पण क्षेत्रभेट कुठे गेली?"

"यंदा म्हटलं, नको."

"नको कसं? वरून सक्ती आहे. आणि रेखांश तुम्ही स्वयंअध्ययनात टाकलाय. पोरं स्वतःहून रेखांश वाचणार? स्वतःहून डबा तरी खातात का?"

"बाई, जबाबदारी फार असते हो."

"ती तर असतेच. असं करा, उद्या सकाळी पक्का तक्ता द्या. तुम्हाला जमत नसेल तर खेळाचे सर नेतात म्हणाले, त्या पाण्याच्या घसरगुंड्यांच्या बागेत. त्याला भूगोल म्हणायचं झालं तर उतार आहे तिथे." त्या स्वतःच हसल्या. सर हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे ओली घसरगुंडी आली आणि तिच्या खाली पाण्यात, शिट्टी तोंडात धरून डोकी मोजणारे खेळाचे सर.

त्यांनी पडद्यांचं गाठोडं उचललं. "अरे वा," बायको म्हणाली, "आज सूर्य कुठे उगवला?" सर दारापर्यंत गेले आणि परत आले, तक्ता घडी करून खिशात घातला. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. रस्ता थोडका होता, पण त्या दुपारी तो कुठल्याही प्रमाणावर बसेना. चष्म्याच्या दुकानाची पाटी गेली, चाव्या करणारा गेला, आणि दर दुकानाशी त्यांचं एक मन म्हणे, परत फिर, मुलगी आनंदात आहे, तिचा आनंद मोडून तुला हलकं व्हायचंय? यात खोट होती का? नव्हती. तेच तर त्रासाचं होतं. खरं बोलायचं म्हणजे तिच्या हातातलं काहीतरी काढून घ्यायचं होतं.

टाचणीच्या आईचं दुकान म्हणजे पुढची खोली. मशीनवर त्या वाकलेल्या होत्या, तोंडात दोरा. "या या सर! किती दिवसांनी. मला वाटलं, आमची शिवण उसवली की काय तुमच्याकडे." त्यांनी गाठोडं सोडलं, कापड बोटांत चोळून बघितलं. "बरं झालं आलात. आता तुम्हीच हिला उठवा त्या गॅलरीतून. सुट्टीभर एकच खेळ. सरांनी एवढ्या सगळ्यांत माझ्यावर एकटीवर काम सोपवलं म्हणे! पाहुणा आला की आधी ती गोष्ट, मग पाणी."

गॅलरीत वाळूच्या बादलीत पोछ्याची काठी उभी केली होती. फरशीवर सावली पडली होती आणि तिच्या टोकाला बटण. मागे बटणांची ओळ, पांढरी, काळी, एक कोटाचं मोठं. टाचणी उठून उभी राहिली. "सर, इथे सकाळची नाही मिळत. समोरची इमारत आड येते. टेकडीवरचीच चांगली होती." मग तिने मान तिरपी केली. "सर, एक विचारू? तुम्ही बस सुटताना मोजता ना सगळ्यांना? मग मी बसमध्ये नाही म्हटल्यावर ड्रायव्हरकाकांना आधीच सांगून ठेवलं होतं का?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला फक्त गोष्ट पूर्ण करायची होती, पुढच्या पाहुण्यासाठी. आत मशीन चालू होतं, थांबत होतं, चालू होत होतं. सर गॅलरीच्या उंबऱ्यावर बसले. खाली बसल्यावर ती त्यांच्याहून उंच झाली.

"मोजलं होतं," ते म्हणाले. "आकडा बरोबर आला. मॅडमची भाची जास्तीची होती, ते मी विसरलो. मला वाटलं, सगळे आलेत. तू राहिलीस, टाचणे. मी ठेवलं नव्हतं तुला तिथे. विसरलो होतो."

मशीन थांबलं होतं. ते केव्हा थांबलं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

टाचणी वाकली आणि एकेक बटण उचलून मुठीत घेऊ लागली, शेवटच्या टोकाकडून. सरांना ते बघवेना आणि नजर काढताही येईना. अर्ध्या ओळीवर ती थांबली. "मग माझ्या खुणा चुकीच्या का?"

"नाही गं," सर म्हणाले. "खुणा बरोबर होत्या. त्या दिवशी तेवढंच एक बरोबर होतं."

तिने मूठ तशीच ठेवली. उरलेली बटणं उचलली नाहीत, उचललेली परत मांडली नाहीत. दारात आई उभ्या होत्या, हातात कात्री, बोटं कात्रीच्या कड्यांत. "मला म्हणालात, प्रयोग लांबला," त्या म्हणाल्या. सर उठून उभे राहिले. "आणि मी तुम्हाला चहा दिला होता. साखर जास्त घातली होती, दमलेत म्हणून."

"हो."

"मी काही बोलणार नाही असं समजू नका. बोलणार आहे. आत्ता हातात कात्री आहे, आत्ता नाही." त्यांनी मुलीला जवळ ओढलं आणि तिच्या बुचड्यावर हनुवटी टेकवली. मग बुचड्याखालून, आईच्या हाताआडून आवाज आला, "दगड असतील का हो अजून तिथे? गवतातले?"

"माहीत नाही," सर म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

"बघायला नेणार?"

"अजिबात नाही," आई म्हणाल्या. आणि मग, मुलीच्या डोक्यावरूनच, सरांकडे न बघता, "न्यायचंच असेल तर मी येणार. मशीन बंद ठेवून येणार. आणि मोजणार मी."

"मोजू नका," सर म्हणाले. "आपण नावं घेऊ."

संध्याकाळी त्यांनी तक्ता पुन्हा पसरला. रेखांश आणि स्थानिक वेळ हा धडा त्यांनी पहिल्या सत्राच्या सुरुवातीला, जिथे तो पहिल्यांदा लिहिला होता तिथेच लिहिला. कागद पातळ झाला होता, पेन्सिल हलक्या हाताने चालवावी लागली. शेजारच्या कोऱ्या चौकोनात लिहिलं: क्षेत्रभेट, टेकडी. साहित्य: काठी, आठवीतल्या खुणा असल्यास. खाली बारीक अक्षरात: हजेरी नावाने, चढताना, उतरताना, बस सुटताना, पाहुणा असल्यास त्याचंही नाव. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका बाई वाचून म्हणाल्या, "तीनदा? अर्धा दिवस यातच जाईल हो." "जाऊ दे," सर म्हणाले. "बरं वाटत नाही का तुम्हाला? चेहरा उतरलाय." "वाटतंय," सर म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. टाचणीच्या आईचं बोलणं अजून यायचं होतं. वर्गात पहिल्या बाकावर टाचणी बसेल की मागे भिंतीकडे जाईल, ते शाळा उघडल्यावर कळणार होतं. आरशात येऊन उभं राहणारं ते अजून गेलं नव्हतं. फक्त त्याच्याकडे आता बघता येत होतं. जिन्याने उतरताना ते ओठांतल्या ओठांत पोरांची नावं म्हणत होते, एकामागून एक, चुकलं की पहिल्यापासून. लांबून कुणाला वाटलं असतं, जप चाललाय. मला विचाराल तर तो जपच होता.

आता तुम्ही उठाल, चपला घालाल, आपापली पोरंबाळं गोळा कराल. एवढं ऐकून घेतलंत, तर एक मागणं मागतो. गाडीचं दार ओढायच्या आधी, घराची कडी लावायच्या आधी, सगळे आले असं मन म्हणेल. त्याचं लगेच ऐकू नका. टेकडीवर झुडपांच्या आड, दोन्ही हात काखेत घालून, सावली संपली तरी जागेवरून न हललेली ती टाचणी तेवढी आठवा, आणि मग एकेकाला हाक मारा.